लीव्हची तीन घराणी

शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर खडूची पूड साचते ना, तसे हे किस्से साचतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही आणि पुसायलाही कोणी जात नाही. मी डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, शेवटची सहा वर्षं पर्यवेक्षिका होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. अजूनही जुन्यांपैकी कोणी भाजी घेताना भेटलं की पाचव्या मिनिटाला कोणाच्या तरी रजेचा विषय निघतोच. कोणाची मंजूर झाली, कोणाची अडवली, कोणी कोणाच्या रजेवर किती वर्षं काढली. बाहेरच्यांना वाटतं, शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या. पण सुट्टी सगळ्यांना मिळते. रजा मागावी लागते.

त्यातले थोडे सांगते. ज्यांना हसू येईल त्यांनी हसावं. आम्हीही तेव्हा हसलोच होतो.

*

पहिला नाईकसरांचा.

नाईकसर मराठी शिकवायचे. मूळचे देवगडकडचे, आवाज खणखणीत, अक्षर छापल्यासारखं. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी तपासलं की लोक निश्चिंत व्हायचे.

शाळेत सेमी-इंग्रजी सुरू झालं त्या वर्षी संस्थेचं पत्रक आलं की यापुढे शिक्षकांनी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करावा. नाईकसरांना पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस गावी जायचं होतं. कोणाला विचारायचा संकोच, म्हणून त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. "आय लीव्ह द स्कूल ऑन मंडे अँड ट्यूजडे. काइंडली अॅक्सेप्ट."

अर्ज घेऊन ते मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, गेले तेव्हा तिथे संस्थेचे एक सभासद चहा पीत बसले होते. त्यांनी कागद उचलला, मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "अहो, हे तर राजीनामा देतायत. तोही दोनच दिवसांचा!"

मोठ्या बाई हसल्या. हसल्या नसत्या तर सभासदांचा अपमान झाला असता. मग त्यांनी नाईकसरांना तिथेच बसवून अर्ज पुन्हा लिहायला लावला. एकदा नव्हे, तीनदा. दारात आठवी ब चे दोन विद्यार्थी हजेरीपट घेऊन उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं.

तिसरा अर्ज बरोबर आला. रजा मंजूर झाली. नाईकसर लग्नाला गेले नाहीत. सोमवारी पहिल्या तासाला आठवी ब मध्ये उभे होते आणि वृत्तं शिकवत होते. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "लेलेबाई, माझी मराठी रजा त्यांना चालत नाही आणि माझी इंग्रजी रजा त्यांना राजीनामा वाटते."

*

त्या दिवशी पेठेसरांनी पहिल्यांदा ती तीन घराणी सांगितली.

पेठेसर आमचे इंग्रजीचे. उंच, जरासे वाकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. त्यांच्या कप्प्यात खाकी कागदाचं कव्हर घातलेला एक जाडजूड शब्दकोश असायचा, शब्द कुठून आले ते सांगणारा. आम्ही मधल्या सुट्टीत डबे उघडायचो, ते शब्दकोश उघडायचे.

नाईकसर डबा न उघडता बसले होते. पेठेसर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले की चूक तुमची नाही, शब्दाची आहे. लीव्ह हा एक शब्दच नव्हे. एकाच आडनावाची तीन घराणी आहेत, दारावर पाटी सारखी, पण त्यांच्यात सोयरसुतक नाही.

पहिलं लीव्ह म्हणजे परवानगी. रजेच्या अर्जातलं ते. बिलीव्ह आणि लव्ह हे त्याचे भाऊबंद. ज्याच्यावर आपली मर्जी, त्याला आपण मोकळीक देतो, असं ते घराणं. दुसरं लीव्ह म्हणजे सोडून जाणं. पण मुळात त्याचा अर्थ जाणं असा नव्हताच, मागे ठेवणं, उरू देणं असा होता. जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याचा तो शब्द. आणि तिसरं म्हणजे झाडाची पानं. लीफचं अनेकवचन. त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, फक्त स्पेलिंग जुळतं.

"आणि मराठीत तरी वेगळं काय आहे?" सर म्हणाले. "रजा हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचाही मूळ अर्थ संमतीच. जगात कुठेही जा नाईक, घरी राहायचं असेल तर आधी कोणाची तरी मर्जी लागते."

नाईकसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग प्रेम आणि परवानगी एकाच घरातले?"

"इंग्रजीत. हो."

"आमच्या मोठ्या बाईंना कळवा," नाईकसर म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

*

हे झाल्यावर तीनेक वर्षांनी भोईर आला. तोवर मराठी माध्यमाची पोरं कमी व्हायला लागली होती. रोज कोणी ना कोणी पालक लीव्हिंग सर्टिफिकेट न्यायला ऑफिसात उभे असायचे. पेठेसर म्हणायचे, हे दुसऱ्या घराण्यातलं. मुलं जातात, आपण उरतो.

भोईर मात्र पालक नव्हता. चाळिशीचा असेल, रिक्षा चालवायचा, अंगावर खाकी शर्ट. एका कंपनीत ड्रायव्हरची कायम नोकरी मिळत होती आणि तिथे शाळेचा दाखला मागितला होता. नववीत शाळा सुटली तेव्हापासून त्याने दाखला कधी नेलाच नव्हता. क्लार्कने जुनं रजिस्टर काढलं, त्यावरून दाखला लिहिला, शिक्का मारला आणि दिला.

भोईरने तो काउंटरवरच वाचला. एक एक रकाना, बोट ठेवून. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'.

त्याने क्लार्कला विचारलं, हे कोणी लिहिलं. क्लार्क म्हणाला, तुमच्या तेव्हाच्या वर्गशिक्षकांनी. वर्गशिक्षक होते पेठेसर, आणि ते त्याच वेळी हजेरीपट ठेवायला ऑफिसात आलेले. मीही तिथेच होते, वेळापत्रक झेरॉक्स करत. भोईरने सरांना ओळखलं. वाकून नमस्कार केला. मग दाखला पुढे धरला.

त्याचं म्हणणं त्याने आवाज न चढवता सांगितलं. त्या वर्षी गणपतीच्या आधी त्याचा बाप वारला. खाडीकाठची जमीन आधीच गेली होती. आई आजारी, धाकट्या दोन बहिणी. तो स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायला लागला. हे सगळं सांगून मग म्हणाला, "सर, मी गैरहजर नव्हतो. मी तिथे बसलेलो असायचो. तुम्हीच दोनदा मेथी नेलीत माझ्याकडून."

पेठेसरांनी तो वाचला. त्यांनी क्लार्कला विचारलं की हे बदलता येईल का. क्लार्क म्हणाला, रजिस्टरात जे आहे तेच उतरवावं लागतं, खाडाखोड केली तर दाखलाच बाद. सरांनी पुन्हा विचारलं. क्लार्कने पुन्हा तेच सांगितलं.

भोईर म्हणाला, राहू दे सर, कंपनीवाले जन्मतारीखच बघतात. दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. त्याच्या नोकरीचं पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही.

सर त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आले, शब्दकोश काढला आणि न उघडताच बसून राहिले. मी विचारलं, सर, तुम्हाला तेव्हा माहीत होतं? ते म्हणाले, "मेथी चांगली होती त्याची." मला राग आला. आजही आठवलं की येतो. पण मी तरी काय बोलले? तासाची घंटा झाली, वर्गावर गेले.

*

शुभांगी परबचा किस्सा हा खरं म्हणजे एक किस्सा नाही, नऊ वर्षांचा आहे.

आमच्या विज्ञानाच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मग त्यांच्या नवऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि त्यांनी बिनपगारी रजा घेतली. मग ती वाढवली. मग पुन्हा वाढवली. त्यांच्या जागी शुभांगी आली. अशा जागेला शाळेत 'लीव्ह व्हेकन्सी' म्हणतात. कोणीतरी रजेवर, म्हणून तुम्ही नोकरीवर. दर जूनमध्ये शुभांगीला नवी ऑर्डर मिळायची आणि दर एप्रिलच्या शेवटी ती संपायची. मे महिन्यात ती कोणीच नसायची.

पोरं तिच्यावर जीव टाकायची. प्रयोगशाळेत काही नसायचं, तर ती घरून लिंबं, खायचा सोडा, जुन्या बॅटऱ्या घेऊन यायची. घर म्हणजे दिवा स्टेशनजवळ भाड्याची एक खोली. तिथे पाण्याची बोंब, त्यामुळे शाळा सुटली की दोन मोठ्या बाटल्या भरून नेई. शिपाईमावशी आधी कुरकुरायच्या, नंतर स्वतःच भरून ठेवायला लागल्या.

एकदा जानेवारीत तिच्या घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. अकरा महिन्यांचा करार, लीव्ह अँड लायसन्सचा. तिने शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मागितली. तर तो म्हणाला, "मॅडम, नाव वाचा ना कराराचं. लायसन्स संपलं की लीव्ह."

तिने हे येऊन सांगितलं तेव्हा आम्ही सगळेच हसलो. तीही हसली. पेठेसर मात्र गंभीर झाले. म्हणाले, त्याची व्युत्पत्ती चुकली. करारातलं लीव्ह हे पहिल्या घराण्यातलं, परवानगीचं. निघून जा असा त्याचा अर्थच नाही.

शुभांगीने थोडा विचार केला. "म्हणजे सर, नोकरीही कोणाच्या तरी परवानगीवर आणि घरही."

"हो. पण निघून जा असं त्यात नाही."

"मालकाला सांगू का तसं?"

सरांनी तिच्या खांद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नको. व्युत्पत्ती माझी बरोबर आहे. अर्थ त्याला जास्त कळलाय."

तिने महिन्याच्या आत दिव्यातच, स्टेशनपासून आणखी लांब, दुसरी खोली घेतली. सामान हलवायला तिला एक दिवस हवा होता. लीव्ह व्हेकन्सीवरच्या माणसाला रजा मागायची हिंमत होत नाही. रविवारपर्यंत तिचं सामान जुन्या खोलीच्या जिन्याखाली पडून होतं.

*

आता सुधाताईंचं.

सुधाताई म्हणजे पेठेसरांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना तीन-चारदाच भेटले असेन, पण त्यांच्या हातचं लिंबाचं लोणचं दर वर्षी शिक्षकांच्या खोलीत यायचं. त्यांना कॅन्सर झाला. पहिल्या ऑपरेशननंतर वर्षभर बऱ्या होत्या. मग पुन्हा उलटला आणि त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं. त्यांची धाकटी बहीण ठाण्यातच राहायची, ती दिवसभर जवळ असायची. सर शाळा सुटली की डोंबिवलीहून ठाण्याला जायचे.

जानेवारीचा शेवट होता. दहावीची प्रिलिम तोंडावर. परीक्षेचं सगळं वेळापत्रक माझ्याकडे. मी जिन्यावरून खाली येत होते, हातात पेपरचे गठ्ठे, घंटा वाजत होती, पोरं भसाभस वर येत होती. आणि पेठेसर समोर आले. मला म्हणाले, लेलेबाई, पुढच्या आठवड्यात चार दिवस मिळतील का?

कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "सर, प्रिलिम आहे हो. इंग्रजीला दुसरं आहे कोण? एवढी झाली की घ्या ना, हवी तेवढी."

ते "बरं" म्हणाले आणि वर्गावर गेले.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी इंग्रजीचा पेपर होता. साडेदहा-पावणेअकराला ऑफिसच्या फोनवर सुधाताईंच्या बहिणीचा फोन आला. परीक्षेच्या वेळी मोबाइल बंद ठेवायचा नियम, म्हणून तिने शाळेचा नंबर शोधून काढलेला. सुधाताई गेल्या होत्या.

मी वर गेले. सर वर्गात पर्यवेक्षण करत होते. मी त्यांना दारात बोलावलं आणि सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, पंचवीस मिनिटं राहिलीत. मी म्हणाले, सर, मी थांबते इथे, तुम्ही निघा. ते म्हणाले, नको, मी सही केलीये या वर्गाची.

आणि ते परत आत गेले. पंचवीस मिनिटं बाकांमधून फिरले. एका मुलीला पुरवणी हवी होती, ती दिली. वेळ संपल्यावर पेपर गोळा केले, नंबर लावले, गठ्ठा बांधला, माझ्या हातात दिला. मग निघाले. नाईकसर त्यांच्याबरोबर गेले.

चौथ्या दिवशी सर शाळेत हजर. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, दिवस होईपर्यंत तरी घरी थांबा, हवी तेवढी रजा घ्या, अर्जबिर्ज काही नको. सर म्हणाले, पेपर तपासायचेत.

सोमवारच्या प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी मैदानावर सगळ्या शाळेला हा प्रसंग सांगितला. कर्तव्यनिष्ठा म्हणजे काय, ते आपल्या पेठेसरांकडून शिका, असं म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर रांगेच्या शेवटी उभे होते. मी पर्यवेक्षिका म्हणून स्टेजवर, मोठ्या बाईंच्या शेजारी. मला टाळ्या वाजवायला हात उचलवले नाहीत आणि न वाजवता उभंही राहवेना. शेवटी वाजवल्या.

त्या वर्षापासून दर शिक्षकदिनाला कोणी ना कोणी हा प्रसंग सांगायचं. त्यात जिन्यावरचं माझं बोलणं कधीच नसायचं. ते फक्त मला आणि पेठेसरांना माहीत आहे, असं मी धरून होते.

*

शुभांगीच्या नऊ वर्षांचा शेवट एका ओळीने झाला.

परदेशी गेलेल्या बाईंनी ईमेलने राजीनामा पाठवला. जागा मोकळी झाली. आम्हाला वाटलं, चला, आता पोरगी कायम होणार. शिपाईमावशींनी तर पेढ्यांचं ठरवूनही टाकलं होतं. पण रजा संपली की रजेवरची जागाही संपते. नव्या जागेची नवी जाहिरात, नव्या मुलाखती. मुलाखतीत संस्थेतल्याच एका घरची सून निवडली गेली. तिचं शिक्षण शुभांगीपेक्षा जास्त होतं, हे खरंय. तेही सांगायला हवं.

शुभांगीला कोणी पत्र दिलं नाही, बोलावलं नाही. मे महिन्यात ती नेहमीप्रमाणे कोणीच नव्हती, तर कोण बोलावणार? जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली आणि तिचं नाव यादीतून गेलं.

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, अरेरे, शुभांगी लेफ्ट झाली. पेठेसरांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि वाचून म्हणाले, "लेफ्ट नाही. रिमूव्ह्ड लिहिलंय. यंत्राला खोटं बोलता येत नाही."

मी तिला फोन केला नाही. पर्यवेक्षिका म्हणून मला मुलाखतीचा निकाल तीन दिवस आधी कळला होता. काय सांगणार होते तिला? फोन पेठेसरांनी केला. ती आता ठाण्यात एका प्लेग्रुपमध्ये आहे. तीन-तीन वर्षांच्या मुलांना अक्षरं शिकवते, मुलं तिला शुभू मिस म्हणतात. फोनवर सरांना म्हणाली, "एल फॉर लीफ. सर, मी आता तिसऱ्या घराण्यात."

सरांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कोणी हसलं नाही.

*

आणि हा शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

पेठेसर माझ्या आधी वर्षभर रिटायर झाले. डोंबिवलीचं घर विकून टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये एक खोली-किचन घेतलं. एकटा माणूस, म्हणाले, एवढं पुरे. गेल्या मार्गशीर्षात मी त्यांच्याकडे गेले. मुद्दाम गेले. सहा वर्षं एक गोष्ट मनात ठेवलेली. नवरा म्हणाला, जाऊन बोलून ये एकदाची, नाहीतर माझी झोप घालवशील.

दुपारची वेळ. सरांनी स्वतः चहा केला. घर स्वच्छ होतं, भिंतीवर सुधाताईंचा फोटो, हार नव्हता. गॅलरीतून समोरच्या अर्धवट इमारतीचं काम दिसत होतं. इकडचंतिकडचं बोलणं झालं. नाईकसरांच्या गुडघ्यांचं, शाळेचं, मराठीचे वर्ग शेवटी बंदच झाले त्याचं.

मग मी बोलले. म्हटलं, सर, त्या दिवशी जिन्यावर मी तुम्हाला रजा नाकारली. मला माहीत होतं कशासाठी हवीये. तरी नाही म्हणाले. तुम्ही चार दिवस त्यांच्याजवळ राहिला असतात. ते मी घेतले तुमच्याकडून. तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत, त्यामुळे तर ते जास्तच लागतं.

सर ऐकत होते. त्यांनी कप बशीत ठेवला. आणि पहिल्यांदा माझ्या खांद्याकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं.

"लेलेबाई, तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मला वाटलं, माझी समजूत घालतायत. तसं मी म्हटलंही. ते म्हणाले, नाही, समजूत नाही. चार दिवस मागितले, कारण मेहुणीने सांगितलं होतं, आता आपल्या माणसाने जवळ असायला हवं. पण त्या खोलीत शिरलं की मला दरदरून घाम फुटायचा. तिचा तो आवाज, तो वास. मी दारात बूट काढायलाच पाच मिनिटं लावायचो. जिन्यावर तुमच्या हातात गठ्ठे आहेत, घंटा वाजतेय, हे बघूनच मी तुम्हाला गाठलं. अर्ज लिहून दिला असता तर तुम्ही नाही म्हणाला नसतात.



ते पुढे म्हणाले की दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी रजेचा कोरा फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, तारखा टाका, मी आत्ता सही करते, इंग्रजीचं मी बघते. सरांनी तो घेतला, घरी भरून आणतो म्हणाले. तो भरलाच नाही. मोठ्या बाईंनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, माणूस कर्तव्यनिष्ठ आहे.

समोरच्या इमारतीवर कोणीतरी लोखंड आपटत होतं. सरांनी उठून गॅलरीचं दार लावलं आणि परत येऊन बसले.

"फॉर्म घेतला त्याच दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. सुधा जागी होती. तिला सांगितलं, रजा मिळाली नाही."

"मग?"

"तिला बोलायला त्रास व्हायचा. शब्द लावत लावत बोलायची. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'मिळाली नाही, की मागितली नाही?'"

 मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"चमच्याने पाणी पाजत होतो तिला," सर म्हणाले. "ते पाजलं."